कॉलच्या गुणवत्तेची आकडेवारी मागवताना या चुका टाळा

व्हॉइस गेटवे (दूरध्वनीचे जाळे आणि आयपी नेटवर्क जोडणारे उपकरण), आयपी फोन किंवा सेशन बॉर्डर कंट्रोलर (दोन नेटवर्कच्या सीमेवर कॉल हाताळणारे उपकरण) यांच्याकडून कॉलच्या गुणवत्तेची आकडेवारी मागवण्याची सोय आजच्या बहुतेक उपकरणांत असते आणि ती सुरू करायला अनेकदा कॉन्फिगरेशनच्या दोन-चार ओळी पुरतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. अहवाल येऊ लागतात, तक्ते भरू लागतात, पॅकेट लॉसच्या (आवाजाची वाटेत हरवलेली पॅकेट) रकान्यात शून्य दिसते, आणि तरीही आवाज तुटत असल्याच्या तक्रारी थांबत नाहीत. माझ्या पाहण्यातील अशा बहुतेक प्रकरणांत तक्रार खरी होती. जे मोजलेच गेले नव्हते त्याच्या जागी उपकरणाने शून्य लिहिले होते आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेतला होता.

एका टोकाला सुरू, दुसऱ्या टोकाला बंद

आकडेवारी मोजणारे, ती पाठवणारे आणि ती साठवणारे हे तीन वेगळे घटक असतात, आणि प्रत्येकाचे सेटिंग वेगळे असते. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये (कार्यालयातील फोन चालवणारी सर्व्हर-प्रणाली) कॉल-नोंदी सुरू केल्या म्हणजे गुणवत्तेच्या नोंदीही सुरू झाल्या असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘कॉल डायग्नॉस्टिक्स एनेबल्ड’ हे सेटिंग स्वतंत्र आहे आणि ते मुळात बंद असते. कॉल-नोंदींचे सेटिंगही क्लस्टरमधील प्रत्येक सर्व्हरवर करावे लागते. ते एकाच सर्व्हरवर केले, तर काही फोनच्या नोंदी येतात आणि काहींच्या येत नाहीत, आणि दोष मात्र फोनमध्ये शोधला जातो.

एमजीसीपी (गेटवे नियंत्रित करण्याचा प्रोटोकॉल) वापरणाऱ्या गेटवेच्या बाबतीत आरएफसी ३४३५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे दस्तऐवज) नुसार कनेक्शन तोडण्याच्या आज्ञेला उत्तर देताना गेटवे पाठवलेली व मिळालेली पॅकेट, हरवलेली पॅकेट, जिटर (पॅकेट येण्याच्या अंतरातील चढउतार) आणि विलंब कळवतो. यापेक्षा तपशीलवार मोजमापे हवी असल्यास ती गेटवेवर वेगळ्या आज्ञेने सुरू करावी लागतात. सिप (कॉल जोडण्या-तोडण्याचा प्रोटोकॉल) वापरणारे फोन आरएफसी ६०३५ नुसार ‘पब्लिश’ संदेशातून अहवाल पाठवतात. तेथे फोनवर कलेक्टरचा (अहवाल गोळा करणारा सर्व्हर) पत्ता भरलेला असतो, पण कधी कधी मधला प्रॉक्सी (संदेश पुढे पाठवणारा सर्व्हर) तो संदेश ओळखत नाही आणि नाकारतो. म्हणून अहवाल येत नसतील तर कलेक्टरचे लॉग चाळण्याआधी फोनच्या बाजूला पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरील पॅकेटची नोंद) घेऊन संदेश निघतो का आणि त्याला काय उत्तर मिळते, हे पाहावे. पाच मिनिटांचे हे काम कित्येकदा दिवसभराचा शोध वाचवते.

आरटीसीपीची वाट अडलेली असणे

आवाज आरटीपीवरून जातो आणि त्याच्या स्थितीचे अहवाल आरटीसीपीवरून. पारंपरिक पद्धतीत आरटीपी सम क्रमांकाच्या पोर्टवर असते आणि आरटीसीपी त्याच्या पुढच्या विषम पोर्टवर. फायरवॉलने केवळ आवाजाचे पोर्ट उघडले, किंवा पत्ते बदलणाऱ्या राउटरने लगतचा पोर्ट भलत्याच क्रमांकाला जोडला, तर आवाज व्यवस्थित जातो आणि आरटीसीपी वाटेतच संपते. संभाषण सुरळीत चालू असल्याने कोणालाही शंका येत नाही.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. उपकरणाला स्वतःकडे येणाऱ्या पॅकेटचा लॉस आणि जिटर आरटीपीच्या अनुक्रमांकांवरून व टाइमस्टॅम्पवरून मोजता येतो, त्यासाठी आरटीसीपी लागत नाही. जाऊन-येऊन लागणारा विलंब आणि पलीकडच्या टोकाची स्थिती मात्र आरटीसीपीशिवाय कळत नाही. म्हणून स्थानिक आकडे भरलेले, पलीकडचे सगळे शून्य आणि विलंबही शून्य, असे चित्र दिसले तर नेटवर्क उत्तम असल्याचे समाधान मानू नये. फायरवॉलचे नियम उघडावेत. प्रत्यक्ष नेटवर्कवर विलंब शून्य असूच शकत नाही.

आरटीपी आणि आरटीसीपी एकाच पोर्टवर चालवण्याची पद्धत आरएफसी ५७६१ मध्ये आहे आणि ती ही अडचण टाळते, परंतु दोन्ही टोकांनी ती मान्य केली पाहिजे. मध्ये सेशन बॉर्डर कंट्रोलर असेल तर तो एसडीपीमधील (कॉल जोडताना पाठवले जाणारे आवाजाच्या प्रवाहाचे वर्णन) अशा ओळी काढून टाकत नाही ना, हेही तपासावे. विस्तारित अहवालांसाठीची ‘आरटीसीपी-एक्सआर’ ही ओळ अशाच प्रकारे गळालेली मी पाहिली आहे.

आकडा कोणत्या दिशेचा आहे

माझ्या मते सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण ती कोणत्याही कॉन्फिगरेशनच्या ओळीत दिसत नाही. गेटवेने कळवलेला पॅकेट लॉस हा गेटवेला न मिळालेल्या पॅकेटचा असतो. म्हणजे तो फोनकडून गेटवेकडे येणाऱ्या वाटेचे वर्णन करतो. फोनवरची व्यक्ती ‘मला समोरचा नीट ऐकू येत नाही’ असे म्हणते तेव्हा दोष गेटवेकडून फोनकडे जाणाऱ्या वाटेत असतो आणि त्याचा पुरावा फोनकडे असतो. अशा वेळी गेटवेचे स्वच्छ आकडे दाखवून तक्रार बंद करणे म्हणजे उलट दिशेच्या रस्त्यावर खड्डे नाहीत असे सांगण्यासारखे आहे. तक्रार नोंदवतानाच ‘तुम्हाला ऐकू येत नाही, की तुमचा आवाज पलीकडे जात नाही’ हा प्रश्न विचारला, तर कोणाचा अहवाल पाहायचा ते तेथेच ठरते.

मध्ये सेशन बॉर्डर कंट्रोलर असेल तर गुंता वाढतो. तो बहुधा आवाजाचा प्रवाह स्वतःकडे घेऊन पुढे पाठवतो, त्यामुळे एका कॉलचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची आकडेवारी वेगळी असते. काही उपकरणे पलीकडच्या तुकड्याचे आरटीसीपी जसेच्या तसे पुढे देतात, तर काही स्वतःचे नवे तयार करतात. कोणते उपकरण काय करते हे माहीत नसेल, तर ‘दूरचे टोक’ या रकान्यात दिसणारा आकडा प्रत्यक्षात मशीनरूममधल्याच शेजारच्या उपकरणाचा असू शकतो. शिवाय दोन्ही तुकड्यांचे कॉल-आयडी बहुधा वेगळे असल्याने ते जुळवण्यासाठी आरएफसी ७९८९ मधील सेशन-आयडीसारखी खूण सुरू ठेवावी लागते.

एकके आणि फसवी मूल्ये

आरटीसीपीमध्ये जिटर मिलिसेकंदांत येत नाही. तो आरटीपी टाइमस्टॅम्पच्या एककांत येतो. जी.७११ या कोडेकसाठी (कोडेक म्हणजे आवाजाचे अंकीय रूपांतर करण्याची पद्धत) घड्याळ ८००० हर्ट्‌झचे असल्यामुळे ४० हा आकडा म्हणजे ५ मिलिसेकंद. कलेक्टरने तोच ४० मिलिसेकंद म्हणून दाखवला, तर चांगले नेटवर्क आजारी दिसते. जी.७२२ चे प्रकरण आणखी गमतीचे आहे: हा कोडेक आवाजाचे नमुने १६,००० हर्ट्‌झने घेतो, परंतु एका जुन्या चुकीमुळे त्याचे आरटीपी घड्याळ ८००० वरच ठेवले गेले आहे, आणि हे ठाऊक नसलेला प्रोग्राम जिटर निम्माच दाखवतो. ओपस या कोडेकचे घड्याळ नेहमी ४८,००० चे असते.

आरएफसी ३६११ मधील (म्हणजे आरटीसीपी-एक्सआर या विस्तारित अहवालांच्या) व्हॉइस-मोजमापांच्या गटात ‘मूल्य उपलब्ध नाही’ यासाठी १२७ हा आकडा राखून ठेवलेला आहे. एमओएस (१ ते ५ या मापावरचा आवाजाच्या गुणवत्तेचा गुण) दहापट करून १० ते ५० असा पाठवला जातो. तेथे १२७ आले तर पडद्यावर १२.७ दिसते आणि चूक निदान डोळ्यांत भरते. आर-फॅक्टरमध्ये (० ते १०० या मापावरचा गुणवत्तेचा आकडा) तेवढी सोय नाही, कारण सरासरीत तो बेमालूम मिसळतो. एका कॉलचा आर-फॅक्टर ६० आणि दुसऱ्याचा १२७, म्हणजे मोजलेलाच नाही, असा असेल तर सरासरी ९३.५ येते, हा आकडा जी.७११ च्या निर्दोष कॉलला शोभेल असा आहे. म्हणून सरासरी काढण्यापूर्वी १२७ वगळावा. हरवलेल्या पॅकेटची एकूण संख्या २४ बिटांची व चिन्हासह असते आणि तीच पॅकेट दुबार आल्यास ती ऋण होऊ शकते. चिन्ह न ओळखणारा कलेक्टर उणे १ च्या जागी १,६७,७७,२१५ दाखवतो.

एमओएसची तुलना कोडेक न पाहता करू नये. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या ई-मॉडेलनुसार (कॉलच्या गुणवत्तेचा अंदाज काढणारे गणिती सूत्र) जी.७११ चा निर्दोष कॉल ४.४ च्या आसपास असतो, तर जी.७२९ए चा निर्दोष कॉलही ४.१ च्या पुढे जात नाही. सर्वांसाठी ४.२ ची एकच मर्यादा लावली, तर जी.७२९ए वापरणारे प्रत्येक कार्यालय कायम धोक्याच्या यादीत राहील.

सरासरीत लपणारे दोष

दहा मिनिटांच्या कॉलमध्ये, २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट धरल्यास, एका दिशेने ३०,००० पॅकेट जातात. १ टक्का लॉस म्हणजे ३०० पॅकेट. ती विखरून हरवली तर कोडेक बहुतेक वेळा निभावून नेतो. ती सलग हरवली तर ६ सेकंदांची शांतता पडते आणि वापरकर्ता ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. अहवालात दोन्हींचा आकडा एकच. हा फरक दाखवणारी सलग लॉसची आणि मधल्या बऱ्या काळाची मोजमापे विस्तारित अहवालात असतात, म्हणून उपकरण ती देत असेल तर अवश्य मागवावीत.

त्याच अहवालातून आणखी एक गोष्ट कळते. उशिरा आलेले पॅकेट जिटर बफर (आलेली पॅकेट क्षणभर साठवून एकसमान गतीने वाजवणारा भाग) टाकून देतो. नेटवर्कने ते पोहोचवलेले असल्याने साध्या आरटीसीपी अहवालात ते हरवलेले मानले जात नाही. लॉस शून्य आणि आवाज मात्र तुटका, असे कोडे पडल्यास टाकून दिलेल्या पॅकेटचे प्रमाण प्रथम पाहावे.

शिवाय सर्वांत वाईट कॉलच बहुधा आकडेवारीबाहेर राहतात. आरटीसीपीचे किमान अंतर साधारण ५ सेकंदांचे असते, आणि आवाजच न आल्याने तिसऱ्या सेकंदाला ठेवून दिलेल्या कॉलचा एकही अहवाल कदाचित निघत नाही. कॉल संपल्यावरच अहवाल पाठवणारा फोन मध्येच नेटवर्कवरून तुटला, तर त्याचाही अहवाल येत नाही. कॉल-नोंदींची संख्या आणि गुणवत्ता-अहवालांची संख्या रोज ताडून पाहावी. फरक वाढत असेल तर शोध तेथूनच सुरू करावा.

अहवालांचे स्वतःचे वजन

ठरावीक अंतराने अहवाल मागवताना हिशेब करावा: एकाच वेळी १००० कॉल चालू असतील आणि प्रत्येकी एक फोन दर १० सेकंदांना अहवाल पाठवत असेल, तर सेकंदाला १०० संदेश आणि तेवढीच उत्तरे होतात. १३०० बाइटपेक्षा मोठा सिप संदेश टीसीपीवरून पाठवावा असे आरएफसी ३२६१ सांगते. यूडीपीवर अडून राहिल्यास मोठ्या अहवालांचे तुकडे होतात आणि ते वाटेत गळतात. सर्व उपकरणे एकाच एनटीपी (घड्याळे जुळवणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली नसतील तर दोन टोकांचे अहवाल एका कॉलचे म्हणून जुळवणे जिकिरीचे होते.

मांडणी पूर्ण झाल्यावर मुद्दाम दोष घालून एक चाचणी करावी. लिनक्सवरील नेटेम (नेटवर्कचे दोष मुद्दाम निर्माण करणारे साधन) वापरून फक्त एका दिशेला ५ टक्के लॉस घालावा आणि दोन मिनिटांचा कॉल करावा. त्या दिशेने जाणाऱ्या ६००० पॅकेटपैकी सुमारे ३०० हरवलेली, घेणाऱ्या टोकाच्या स्थानिक रकान्यात आणि पाठवणाऱ्याच्या ‘दूरचे टोक’ या रकान्यात दिसली पाहिजेत, आणि उलट दिशेला जवळपास एकही दिसता कामा नये. आकडे उलटे दिसले तर कलेक्टरमध्ये दिशांचे रकाने अदलाबदल झाले आहेत. पाठवणाऱ्याकडे शून्यच राहिले, तर आरटीसीपी कोठेतरी अडते आहे.