केमोकाइनवर थिसिस घेताय? आधी ट्यूब बघा

रक्तसंक्रमणशास्त्रात एम.डी. करताना केमोकाइनचा (पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या छोट्या प्रथिनांचा) विषय घेणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय. नागपुरात हा विषय सुचतोच. विदर्भातले सिकलसेलचे पेशंट लहानपणापासून रक्त घेत आलेले असतात. पिशवी लागल्यावर एखादं पोर हुडहुडी भरून कुडकुडायला लागलं की तो ताप कुठून आला, पिशवीतल्या केमोकाइनमुळे तर नाही ना, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मीही तिथूनच सुरुवात केली.

मूळ गोष्ट तुम्हाला माहीत असेल. प्लेटलेटची पिशवी २० ते २४ अंशांवर, अ‍ॅजिटेटरवर ५ दिवस हलत राहते. तेवढ्यात आत राहिलेल्या पांढऱ्या पेशी आयएल-८ हे केमोकाइन सोडतात. साठवण्याआधीच फिल्टर केलं तर ते बरंच कमी होतं. रँटेस हे दुसरं केमोकाइन मात्र प्लेटलेटच्या स्वतःच्या ग्रॅन्यूल्समध्ये (पेशीतल्या छोट्या पिशव्यांत) असतं, ते फिल्टरने थांबत नाही.

हे वाक्य मी थिसिसच्या सिनॉप्सिसमध्ये (आराखड्यात) स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तरीही पेशंटचं रक्त साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं. रक्त गोठताना प्लेटलेट आपली ग्रॅन्यूल्स रिकामी करतात आणि सगळं रँटेस सीरममध्ये सांडतं. एलायझाची (प्रथिन रंगावरून मोजणाऱ्या चाचणीची) प्लेट वाचली तर ताप आलेले, न आलेले, सगळे नमुने सारखेच गडद पिवळे, स्टँडर्डच्या (माहीत प्रमाणाच्या नमुन्यांच्या) वर. ९६ खणांतले १६ स्टँडर्डला गेले, उरलेल्या ८० खणांत दुहेरी चालवलेले माझे ४० नमुने. सगळे वाया. त्या रात्री मी जेवले नाही.

मग ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारी जांभळ्या झाकणाची ट्यूब घेतली आणि पुन्हा फसले. सेंट्रिफ्यूजमध्ये एकदाच हलकं फिरवलं, प्लाझ्मा उणे ८० ला ठेवला. त्यात प्लेटलेट राहिल्या होत्या, वितळवताना त्या फुटल्या. म्हणून गोठवण्याआधी दोनदा फिरवा, २००० जी, १५ मिनिटं, आणि दोन्ही वेळा तळाचा थोडा प्लाझ्मा सोडून द्या. जी म्हणजे फिरवण्याचा जोर, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, रोटर बघून हिशोब करा. पिशवीतल्या नमुन्यालाही हाच नियम. लालसर प्लाझ्मा सरळ बाद करा: लाल पेशींवरचा डफी रिसेप्टर आयएल-८ धरून ठेवतो आणि पेशी फुटली की तेही आकड्यात येतं. सिकलसेलमध्ये हे फार होतं. मे महिन्यात वॉर्डातून ट्यूब घेऊन रेंगाळू नका, बाहेर ४५ अंश असतात.

सिनिअरची जुनी प्रोफॉर्मा (नमुन्यांच्या नोंदीचा फॉर्म) कॉपी करू नका, माझी लाल ट्यूब तिथूनच आली होती. गाइड तुमच्यासोबत सेंट्रिफ्यूजपाशी एकदा तरी उभे राहत असतील तर तेच गाइड धरा, नाव मोठं नसलं तरी चालेल.

प्रत्यारोपणाकडे ओढ असेल तर बिनधास्त जा. किडनी बदललेल्या पेशंटच्या लघवीत सीएक्ससीएल-९ आणि १० ही केमोकाइन वाढली की रिजेक्शनची (शरीराने किडनी नाकारल्याची) शंका घेतात. तिथे प्लेटलेटची ही भानगड नाही, पण लघवीचा संसर्ग आधी तपासा, त्यातही हे आकडे चढतात.

आणि एक प्लेट वाया गेली म्हणून विषय बदलू नका. माझा विषय तोच राहिला, थिसिस वेळेत गेला. नवं किट उघडण्याआधी एथिक्सची परवानगी घेऊन दोन-तीन मित्रांचं रक्त एकाच वेळी लाल आणि जांभळ्या, दोन्ही ट्यूबमध्ये घ्या आणि तेवढेच खण चालवून बघा.