जेलचं प्रॅक्टिकल अन् परसल्फेटची बाटली

पोट्टेहो, सोमवारी स्टार्च अन् ॲक्रिलिक ॲसिडचं पाणी धरणारं जेल लावायचं आहे, तर शनिवारीच कपाटातली पोटॅशियम परसल्फेटची, म्हणजे जेल जमायची सुरुवात करून देणाऱ्या पावडरीची, बाटली काढून पाहा, बाकी सामान मागून जमवता येते. मागच्या ऑगस्टात झाकण ढिलं राहिलं, पावडरीची ढेकळं झाली, मी म्हटलं चालते काय होते, अन् तीन तास वॉटर बाथवर ठेवून बीकरात नुसती कढी! म्हणून चिमूटभर पावडर पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात टाका अन् घाई न करता दहा-पंधरा मिनिटं थांबा, पिवळं होऊन मग तपकिरी झालं तर माल जिवंत आहे. नेमकं किती जिवंत ते पाहायचं असेल तर थायोसल्फेटनं टायट्रेट करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते मोजून थेंबाथेंबानं सोडा.

ही पावडर घरी बनवायच्या भानगडीत कोणी पडू नका. सल्फेटचं थंड आम्लातलं द्रावण प्लॅटिनमच्या ॲनोडवर जोरदार करंट देऊन बनवतात, १८९१ मध्ये एडिनबर्गच्या ह्यू मार्शलनं पहिल्यांदा हे क्षार वेगळे केले, आपल्याकडं तर वॉटर बाथपुरतीच लाईट टिकली तरी खूप. आपलं काम तोलायचं: ०.२ ग्रॅम, १० मिली पाण्यात, तेही त्याच दिवशी. कालचं द्रावण नको, अन् घट्ट बुचाच्या बाटलीत तर मुळीच नको, त्यातून ऑक्सिजन निघत राहते. तोलताना पंखा बंद, मास्क लावा, ही धूळ काही लोकांना दमा लावते, केस ब्लीच करणाऱ्या पार्लरवाल्यांना हा त्रास ठाऊक आहे. सांडली तर कापसाच्या बोळ्यानं किंवा कागदानं पुसून डब्यात कोंबू नका, ऑक्सिडायझर आहे, ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं भरपूर पाण्यात धुवा.

आता ॲक्रिलिक ॲसिड. ते १३-१४ अंशाला गोठते अन् आपल्याकडं डिसेंबरच्या रात्री तेवढी थंडी पडतेच, सकाळी बाटलीत खडे दिसले तर हीटरवर ठेवायचं नाही! खडे होताना त्यातलं इनहिबिटर (ॲसिडला आपोआप पॉलिमर होऊ न देणारा पदार्थ) उरलेल्या पातळ भागात जाते, मग खड्यांना राखणदारच नाही, तापवलं की बाटलीतच पॉलिमर होऊन फुटायची भीती. कोमट पाण्यात ठेवा, हलवत राहा, पूर्ण वितळल्याशिवाय एक थेंबही ओतू नका. २० ग्रॅम ॲसिड घ्या, ७० टक्के न्यूट्रल करायला कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) साधारण ७.८ ग्रॅम लागते, ते पाण्यात विरघळवून थंड करा अन् बर्फावर ठेवलेल्या ॲसिडमध्ये थेंबाथेंबानं सोडा, बर्फ चौकातल्या मच्छीवाल्याकडं मिळते. गॉगल घालाच.

मक्याचा स्टार्च ५ ग्रॅम, ८०-८५ अंशाला अर्धा तास, कपड्याच्या खळीसारखा पारदर्शक दिसला की ६५ वर येऊ द्या. पाणी आधी उकळून थंड केलेलं घ्या, आपल्याकडं नायट्रोजनचं सिलिंडर नाही अन् पाण्यातला ऑक्सिजन रॅडिकल, म्हणजे पॉलिमरची साखळी चालू करणारे रेणूंचे तुकडे, खाऊन टाकते. मग ॲसिड, साखळ्या एकमेकींना बांधणारं चिमटीभर मेथिलीन बिस-ॲक्रिलामाइड (हातमोजे!), अन् परसल्फेट सगळ्यात शेवटी. काहून शेवटी? त्याच्या मधोमध ऑक्सिजन-ऑक्सिजनचा कच्चा सांधा असते, गरम झाला की तुटून सल्फेट रॅडिकलचे दोन तुकडे पडतात अन् तिथून साखळी चालू. ७० अंशाला अर्धं परसल्फेट तुटायला आठेक तास लागतात, म्हणजे रॅडिकल थोडे थोडे मिळत राहतात, बाथ ८०-८५ वर नेऊन घाई केली तर साखळ्या आखूड पडतात. लाईटचा टाइम पाहूनच सुरू करा, मधात गेली तर थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट टाका, त्याच्या जोडीनं रूमच्या तापमानालाही रॅडिकल निघतात.

जेलची लादी झाली की सुरीनं बारीक तुकडे, ६० अंशाला वाळवणं, मग किती फुगते ते पाहायला १ ग्रॅम नायलॉनच्या कपड्यात बांधून एकदा डिस्टिल्ड पाण्यात अन् एकदा विहिरीच्या पाण्यात. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते, त्यात ते कमी फुगते, दोन्ही आकडे वहीत लागतात, म्हणून ज्याच्या शेतात विहीर आहे त्यानं सोमवारी लिटरभर पाणी सोबत आणा.