अपयशानंतरचे पंधरा दिवस : जिद्द खचवणाऱ्या या चुका टाळा

पोलीस भरतीत दोन गुणांनी यादीबाहेर राहिलेला तरुण, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतच अडकलेली मुलगी, अवकाळी पावसात द्राक्षांचा माल गेलेला बागायतदार आणि कृष्णेच्या पुरात दुकान बुडालेला व्यापारी यांची दुःखे वेगवेगळी असली, तरी त्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्यांच्या हातून होणाऱ्या चुका बऱ्याच अंशी सारख्या असतात. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात अभ्यासिकेत किंवा मैदानावर वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या मुलामुलींचे ध्येय बहुधा याच दिवसांत हातातून निसटते, असे माझे मत आहे. या चुका वेळीच ओळखल्या तर दुरुस्त करता येतात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

निकालाच्या रात्रीच निर्णय घेणे

निकाल लागल्यावर त्याच रात्री माणूस दोनपैकी एक निर्णय घेतो. एक तर सगळे सोडून पुण्याला कंपनीत कामाला जायचे, नाही तर उद्यापासून दिवसाला सोळा तास अभ्यास करायचा. दोन्ही निर्णय एकाच तिरीमिरीतून आलेले असतात आणि दोन्ही फार दिवस टिकत नाहीत. पहिला आठवडा कोणताही मोठा निर्णय घेणार नाही, असे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे आणि त्या आठवड्यात फक्त नोंदी कराव्यात : कोणत्या विषयात किती गुण मिळाले, कोणता प्रश्न वेळेअभावी राहिला, परीक्षेच्या आदल्या रात्री किती झोप झाली. महिनाभराने आठवणी सोयीच्या होतात, म्हणून ही नोंद ताजी असतानाच करायची असते. पंचनामा, विम्याची सूचना, फेरतपासणीचा अर्ज अशी मुदतीची कामे मात्र या आठवड्यातही थांबवू नयेत.

कारण शोधण्याऐवजी दोषी शोधणे

अपयश आल्यावर आपल्याकडे तीन वाक्ये हमखास ऐकू येतात : नशिबात नव्हते, वशिला नव्हता, आणि माझी लायकीच नाही. या तिन्ही वाक्यांचा दोष एकच आहे, तो म्हणजे त्यांपैकी एकही वाक्य उद्या सकाळी काय करायचे ते सांगत नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या फ्लायवेट या वजनी गटात उतरले आणि सहावे आले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. हे कारण नेमके होते, म्हणूनच त्यावर काम करता आले. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक स्पर्धेतील ते पहिले ऑलिंपिक पदक. सहाव्या क्रमांकाला त्यांनी आपल्या लायकीचा निकाल मानले असते, तर ही चार वर्षे घडलीच नसती. त्यांची गोष्ट आपल्या भागात पदकाच्या अभिमानाने पुष्कळदा सांगितली जाते, परंतु शिकण्यासारखा भाग मला लंडन आणि हेलसिंकी यांच्या मधल्या काळात अधिक दिसतो.

स्वतःच्या बाबतीत हे करायचे असेल, तर वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात पूर्णपणे आपल्या हातातील कारणे, दुसऱ्यात अंशतः हातातील आणि तिसऱ्यात अजिबात हातात नसलेली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर चढले आणि २०२१ मध्ये शहराने पुन्हा पूर पाहिला. पूर येणे हे तिसऱ्या रकान्यातील कारण आहे आणि त्यासाठी कोणत्याही व्यापाऱ्याने स्वतःला अपयशी म्हणवून घेऊ नये. माल कोणत्या उंचीवर ठेवायचा आणि विमा उतरवायचा की नाही, या गोष्टी मात्र पहिल्या रकान्यात येतात, तर गाळा कोणत्या भागात घ्यायचा हे भाडे आणि ऐपत पाहता दुसऱ्यात येते. सगळी कारणे तिसऱ्या रकान्यात गेली असतील, तर आपण स्वतःला वाचवत आहोत असे समजावे. सगळी पहिल्यात गेली असतील, तर आपण स्वतःवर अन्याय करत आहोत. दोन्ही वेळी हे पान एखाद्या जाणत्या माणसाला दाखवून रकाने पुन्हा भरावेत.

जे जमते तेच घोटत राहणे आणि त्याला चिकाटी म्हणणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण ती बाहेरून सद्गुणासारखी दिसते. पोलीस शिपाई भरतीचेच पाहा. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते : मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. लेखी परीक्षा १०० गुणांची असते. म्हणजे ज्या लांब धावेसाठी मुले पहाटे साडेचारला उठून यवतेश्वरच्या घाटात जातात, तिचे एकूण वजन १५० पैकी २० गुणांचे आहे. धावण्यात आधीच चांगले गुण मिळवणारा मुलगा नापास झाल्यावर पुन्हा धावणेच वाढवतो, कारण तिथे त्याला आपण कोणीतरी आहोत असे वाटते. गोळ्याचे तंत्र आणि अंकगणित जिथल्या तिथे राहते. पुढच्या भरतीत तो आणखी दमून, त्याच गुणांवर थांबतो आणि इतके कष्ट करूनही काही होत नाही, या निष्कर्षावर येतो. त्याचे कष्ट खरे असतात, ते चुकीच्या जागी पडलेले असतात एवढेच.

यावर उपाय असा, की मागच्या वेळी गुण नेमके कुठे गेले हे पाहून पुढच्या महिन्यातील सर्वांत ताजा वेळ, म्हणजे डोके आणि अंग दोन्ही चांगले चालते ती वेळ, सर्वांत कच्च्या भागाला द्यावी. आवडता भाग सोडायचा नाही. तो राखण्यापुरता ठेवायचा. गोळाफेकीत मागे असलेल्या मुलाने आठवड्यातून दोन-तीन दिवस जाणकार प्रशिक्षकासमोर ७.२६० किलोचा गोळा टाकावा, आणि रोज जीव तोडून १६०० मीटर धावण्याऐवजी काही दिवस सावकाश लांब धाव, तर काही दिवस मध्ये विश्रांती देऊन छोटे वेगवान टप्पे घ्यावेत. रोज संपूर्ण ताकदीने धावणाऱ्यांच्या नडग्या दुखू लागतात आणि ऐन भरतीच्या तोंडावर त्यांना घरी बसावे लागते.

राज्यसेवेचा किंवा सीए परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. चौथ्यांदा तेच पुस्तक वाचणे सोपे असते, कारण ओळखीची पाने डोळ्यांना सुखावतात. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उत्तर लिहिणे आणि ते दुसऱ्याकडून तपासून घेणे जड जाते, आणि परीक्षेत नेमके तेच करायचे असते.

उत्साह येण्याची वाट पाहणे

‘मन लागत नाही’ ही तक्रार ऐकली की प्रेरणादायी व्हिडिओ पाठवण्याची प्रथा पडली आहे. त्या व्हिडिओंनी दोन तास बरे वाटते, पण सवय लागत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून असे दिसले, की ‘मी नियमित अभ्यास करीन’ अशा मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी हे करीन’ असा आधीच बांधून ठेवलेला संकल्प पाळला जाण्याची शक्यता अधिक असते. म्हणून वहीत असे लिहावे : संध्याकाळी सात वाजता जेवणाआधी अभ्यासिकेत पोहोचलो, की फोन पिशवीत ठेवून आधी गणिताची दहा उदाहरणे सोडवीन. लाइट गेली, पाहुणे आले किंवा शेतावर जावे लागले, तर काय करायचे तेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

याच्याशी जोडलेली एक उपचूक म्हणजे एक दिवस चुकला म्हणून आठवडा सोडून देणे. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. हा काळ माणसागणिक आणि कृतीगणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासात असेही आढळले, की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही. यात्रेसाठी दोन दिवस गावी गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करणे, एवढेच काम असते. सोमवारपासून किंवा पाडव्यापासून सुरू करू, असे म्हणून मधले दिवस वाया घालवू नयेत.

फळ दिसत नाही म्हणून खचणाऱ्यांसाठी तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागेइतके चांगले उदाहरण नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा वेलीवर एकही घड नसतो आणि पुढचे अनेक महिने नसतो. तरीही त्यानंतरच्या काही आठवड्यांत काडीवरच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घड तयार होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर बाहेर पडणारे घड बऱ्याच अंशी त्या उन्हाळ्यातच ठरलेले असतात. वेल हिरवी आहे पण घड नाही, म्हणून मे महिन्यात खत-पाणी तोडणारा बागायतदार आपल्या भागात सापडणार नाही.

अपयश घरापासून लपवणे

निकाल सांगायचा नाही, गावी जायचे नाही, यात्रेत नातेवाइकांसमोर यायचे नाही, असे करत मुले एकटी पडतात. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे घरून येत असतात, त्यामुळे लपवण्याचे ओझे अपयशापेक्षाही जड होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा खाशाबांनी लोकांपुढे मदत मागितली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आणलेली रयत शिक्षण संस्था सरकारी अनुदान बंद होण्याच्या संकटातूनही तरली, कारण तिच्या पाठीशी गावोगावचे लोक होते. मागण्यात कमीपणा नाही. मात्र मागताना पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा आणि खर्चाचा हिशेब समोर ठेवावा, म्हणजे घरच्यांनाही विश्वास वाटतो.

पालकांनाही येथे कळकळीने सांगावेसे वाटते. ‘तुझ्या चुलत भावाला लागली की नोकरी’ हे वाक्य कोणाला उभे करत नाही. त्याऐवजी ‘पुढच्या महिन्यात काय करायचे ठरवले आहेस, ते मला समजावून सांग’ असे म्हणून शेजारी बसावे आणि ऐकून घ्यावे.

थकव्याला आळस समजणे

वरचे सगळे करूनही मन उचल खात नसेल, तर दोष जिद्दीचा नसून शरीराचा असू शकतो. रोज पाच तास झोपून सहा महिने काढणाऱ्याचे लक्ष लागत नाही, हे स्वाभाविक आहे. मुलींमध्ये रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे हे आपल्याकडे फार आढळते, आणि त्याची तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आला, तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

कुठपर्यंत, हे न ठरवणे

चिकाटीला सीमा असली तर ती कमी होते, असा समज आहे. मला तो घातक वाटतो. पोलीस शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा साधारणपणे २८ वर्षे असते, तर केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवार सहाच वेळा बसू शकतो. म्हणजे सीमा आहेच; ती आपण ठरवायची की नियमाने आपल्यावर आदळायची, एवढाच प्रश्न उरतो.

माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावत असत आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्यांनी पहिला क्रमांकही मिळवला होता. पुढे त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस हा अडथळे ओलांडत धावण्याचा प्रकार निवडला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषा यांच्या १९८४ मधील कामगिरीनंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. धावणे तेच राहिले आणि शर्यत बदलली. आज त्या प्रशासकीय सेवेत आहेत.

म्हणून तयारीच्या सुरुवातीलाच, किंवा अपयशानंतरचा पहिला आठवडा उलटल्यावर, दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : हा मार्ग कोणत्या तारखेपर्यंत चालायचा, आणि ती तारीख आली तर याच कष्टांचा उपयोग होईल असा दुसरा मार्ग कोणता. पदवी, आयटीआय किंवा टंकलेखन यांपैकी जे अर्धवट असेल ते या काळात पूर्ण करून घ्यावे. ती तारीख घरातील एका व्यक्तीला सांगून ठेवावी, आणि ती येईपर्यंत रोज रात्री सोडावे की धरावे याचा खल करू नये.