सोरायसिसवरचे स्टेरॉइड मलम कसे वापरावे

कोपरांवर, गुडघ्यांवर किंवा कमरेवर सोरायसिसचे जाड, पांढरे पापुद्रे सुटणारे चट्टे असतील, तर डॉक्टर बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड मलम लिहून देतात. निदान मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून करून घ्यावे, कारण हेच मलम चुकून गजकर्णावर लावले तर खाज शमते, चट्ट्याची कडा पुसट होते आणि बुरशी मात्र पसरतच राहते. औषधाच्या दुकानात ‘खाजेचे मलम’ म्हणून मिळणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची मिश्रणे सोरायसिससाठी नव्हेत.

मलम लावण्यापूर्वी कोमट पाण्याने अंघोळ करून त्वचा हलकेच टिपून घ्यावी. पापुद्रे नखांनी किंवा वज्रीने खरवडू नयेत, कारण सोरायसिसमध्ये जखमेच्या जागीच नवा चट्टा उठू शकतो. त्वचा मऊ ठेवणारे साधे मलम रोज लावावेच, मात्र ते आणि औषध यांच्यात सुमारे अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

खरा घोळ होतो तो प्रमाणात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ मोठ्या माणसाच्या बाबतीत साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे मलम बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. ते फक्त चट्ट्यावर पातळ पसरावे. जाड थर दिल्याने चट्टा लवकर जात नाही, ट्यूब तेवढी लवकर संपते. क्लोबेटासोल आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यावर पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळू नये, कारण झाकलेल्या त्वचेतून औषध अधिक शोषले जाते. चेहरा, काख आणि जांघ येथील त्वचा पातळ असल्याने तिथे हे तीव्र मलम वापरू नये. त्या जागांसाठी सौम्य औषध वेगळे मागून घ्यावे. लावून झाल्यावर हात धुवावेत.

क्लोबेटासोल सहसा सलग दोन आठवड्यांसाठीच दिले जाते. गुण आला म्हणून महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते आणि वळ उमटतात. उलट बरेच दिवस वापरून एकदम थांबवल्यास आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो. म्हणून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत आणावे. या मधल्या काळासाठी पुष्कळदा कॅल्सिपोट्रिओल नावाचे मलम दिले जाते. त्यात स्टेरॉइड नसते, पण सॅलिसिलिक आम्लाचे मलम त्याच जागी लावले तर कॅल्सिपोट्रिओल निकामी होते, ही गोष्ट चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते.

लहान मूल, गरोदरपण किंवा अंगाचा मोठा भाग व्यापणारा आजार असेल, तर वरील प्रमाण स्वतःहून लागू करू नये. अंगभर लाली पसरली, किंवा तापासह पूभरल्या बारीक पुळ्या उठल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.