‘ओनेरारे’ कसं वाचायचं?

लॅटिन क्रियापद ‘ओनेरारे’ म्हणजे लादणे, एवढंच वहीत उतरवून पुढे गेलात तर पहिल्याच खऱ्या वाक्यात अडाल. मी अडले होते. तेव्हापासून नवं क्रियापद आलं की मी आधी त्याच्या पोटातलं नाम शोधते.

इथे ते नाम आहे ‘ओनुस’, म्हणजे ओझं. मग हा ‘र’ कुठून आला? षष्ठी पाहा: ‘ओनेरिस’. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ झाला. संस्कृतने तो ‘स’ जपला. शाळेत ‘मनः मनसी मनांसि’ घोकलं असेल, तर ‘मनसः’ आणि ‘ओनेरिस’ शेजारी ठेवून बघा. साचा एकच! ‘गेनुस’ (वंश), ‘गेनेरिस’सुद्धा त्यातच बसतं.

आणखी एक जोडी आहे, माझी फार लाडकी. संस्कृतात ‘अनस्’ म्हणजे गाडी आणि ती ओढणारा बैल ‘अनड्वान्’. ‘अनस्’ आणि ‘ओनुस’ मुळात एकच. इकडे शब्द गाडीला चिकटला, तिकडे गाडीतल्या ओझ्याला.

आता कर्म. खरी गोची इथेच होते, म्हणून सावकाश वाचा. आपण गाडीवर पोती लादतो, कर्म पोती. लॅटिनमध्ये कर्म सहसा गाडी असते आणि पोती तृतीयेसारखी येतात: गाडी पोत्यांनी भरली, तशी. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्याच्या चौथ्या भागात एक म्हातारा माळी रात्री उशिरा घरी येतो आणि विकत न आणलेल्या अन्नाने मेजं भरून टाकतो. तिथे ‘मेन्सास’, म्हणजे मेजं, हे कर्म. ‘दापिबुस’ म्हणजे अन्नाने, त्यातलं ‘बुस’ म्हणजे आपलं ‘नी’. पण ‘इनीड’ या महाकाव्याच्या पहिल्या भागात हाच कवी उलटं करतो: कर्म वाइन, आणि ती बुधल्यांत भरलेली. म्हणून अर्थ लावण्याआधी प्रत्ययावर बोट ठेवायचं, दर वेळी.

उपसर्ग सोपे आहेत. ‘एक्स’ लागला की ओझं उतरतं. इंग्रजीतलं ‘एक्झॉनरेट’, दोषमुक्त करणं, तिथूनच आलं.

सरावासाठी सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तांताचा चौथा भाग उघडा. इ.स.पू. 55मध्ये ब्रिटनला जाताना दोन लेजिअनांसाठी (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांसाठी) त्याने सुमारे 80 मालवाहू जहाजं जमवली. ‘नावेस’, म्हणजे जहाजं, यांना लागलेलं विशेषण तिथे शोधा आणि त्याची फोड स्वतः करा.