समुद्रतळाच्या गाळाचं वय काढताना या चुका टाळा

प्रयोगशाळेतून आलेला आकडा म्हणजेच थराचं वय, असं धरून लिहिलेले अहवाल सतत वाचनात येतात आणि दर वेळी जीव हळहळतो. रेडिओकार्बन, म्हणजे जीव मेल्यावर हळूहळू घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, आपल्याला शिंपला कधी मेला ते सांगतो. तो त्या थरात कधी येऊन पडला, हे शोधणं आपलं काम आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसला मोठा शिंपला की उचलून पाठवणं. एका बुजलेल्या खाडीच्या मुखाशी आम्ही कोअर, म्हणजे नळी खाली घालून गाळाचा उभा दांडा, काढला होता. खाली खारफुटीचा काळा, मुळ्यांनी भरलेला गाळ. त्यावर शिंपल्यांची वाळू. समुद्र आत शिरला तो काळ या दोन थरांच्या सांध्यावर होता. नमुना घाईत निवडला गेला: जाड, ठसठशीत, एका बाजूला तुटलेला शिंपला. त्याचं वय खालच्या गाळापेक्षा जवळपास दोन हजार वर्षं जास्त आलं. वरचा थर म्हातारा आणि खालचा तरुण! मग कुणीतरी म्हणालं, मुळ्यांनी नवा कार्बन खाली नेला असेल, खालचंच वय चुकीचं. ही शंका रास्त असते, म्हणूनच ती आम्हाला पटली. खालची तारीख वगळून आम्ही समुद्राचं आगमन दोन हजार वर्षं मागे नेलं आणि परिषदेत मांडलंसुद्धा.

पुढे त्याच वाळूत दोन्ही झडपा जुळलेले बारीक शिंपले मिळाले. त्यांचं वय खालच्या गाळापेक्षा कमी निघालं. आमचा ठसठशीत शिंपला लाटांनी जुन्या पुळणीतून उकरून आणलेला होता. झिजलेल्या कडा, पृष्ठभागावर इतर जीवांनी पाडलेली भोकं, सगळं त्याच्यावर दिसत होतं. भिंगाखाली कुणी पाहिलंच नव्हतं. आम्हाला निष्कर्ष मागे घ्यावा लागला.

तेव्हापासून मी झडपा जुळलेले, पातळ सालीचे शिंपलेच घेतो. एकाच थरातलं पान किंवा बी मिळालं तर तेही सोबत पाठवतो. दोन्ही वयं जुळेपर्यंत आलेख काढत नाही.

दुसरी चूक दुरुस्तीची. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो, म्हणून समुद्री शिंपला जमिनीवरच्या समकालीन लाकडापेक्षा साधारण चारशे वर्षं जुना दिसतो. नवशिके आधी हातानेच चारशे वजा करतात आणि मग ते वय समुद्री वक्रावर, म्हणजे रेडिओकार्बन वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणाऱ्या आलेखावर, टाकतात. त्या वक्रात ही वजाबाकी आधीच असते, म्हणजे ती दोनदा होते. शिवाय 2020 साली आलेल्या मरीन-20 या वक्रासोबत जुन्या वक्रासाठी काढलेला स्थानिक फरक, म्हणजे जागतिक सरासरीपेक्षा आपला किनारा किती वेगळा तो आकडा, वापरू नका. तो नव्याने काढावा लागतो. खोलातलं पाणी वर येतं त्या किनाऱ्यांवर हा फरक बराच मोठा असतो. चुनखडीतून वाहत आलेली नदी खाडीला मिळत असेल, तर चुनखडीतल्या जुन्या कार्बनमुळे तिथल्या नुसत्या शिंपल्यांवर मी कधीच विसंबत नाही. ‘सरासरी घेतली की झालं’ म्हणणाऱ्यांनी निदान आपला किनारा सरासरी आहे का, एवढं तरी पाहावं.

साठवणीत बुरशी धरलेला नमुना पाठवू नका. एक टक्का आधुनिक कार्बन मिसळला तरी कितीही प्राचीन नमुना सुमारे 37,000 वर्षांचा दिसतो.

वाळूचं वय प्रकाश-उद्दीपनाने, म्हणजे कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजून, काढायचं असेल, तर नळी उजेडात उघडू नका. उघडलीत तर तो नमुना गेला.

शिसं-210, म्हणजे अलीकडच्या गाळाचं वय काढायला वापरलं जाणारं किरणोत्सारी शिसं, याचं अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं. शे-दीडशे वर्षांपलीकडे त्याला काही विचारू नये.

आणि दोन तारखांमधून सरळ रेघ ओढून मधल्या प्रत्येक सेंटिमीटरला वय वाटणं थांबवा. गाळ एका वेगाने साचत नाही. मधले थर धुपून गेले असतील, तर त्या रेघेत हजार वर्षं गुपचूप पुसली जातात. कोअरमध्ये धारदार सीमा दिसली की मी तिच्या लगेच वर एक आणि लगेच खाली एक नमुना घेतो. पैसे कमी पडले, तर मधल्या एकसंध चिखलातले नमुने कमी करतो. हे दोन सोडत नाही.