अटॅक्सिया: घरातल्या माणसाचा तोल सांभाळताना

कप उचलायला निघालेला हात कपाच्या पुढे जातो, मागे येतो, थरथरतो आणि चहा बशीत सांडतो. हातात जोर मात्र पुरेसा असतो. अटॅक्सियात, म्हणजे हालचालींचा ताळमेळ सुटण्याच्या त्रासात, बिघडतं ते मोजमाप: कुठला स्नायू किती ओढायचा आणि नेमका कधी सोडायचा. हे काम डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेल्या लहान मेंदूचं. मोठ्या मेंदूचा हुकूम आणि सांधे, डोळे, कान यांच्याकडून येणारी खबर तो ताडून पाहतो आणि हालचाल चालू असतानाच दुरुस्त करतो. आकाराने मेंदूच्या दहाव्या भागाएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात असतात. बिघाड ताकदीत नसून या मोजमापात असतो, म्हणूनच टॉनिक आणि डंबेल्सनी हा तोल परत येत नाही.

आधी विचारा, त्रास कधीपासून आहे. गरगरणं, उलट्या, उभं न राहता येणं, जीभ जड होणं हे अचानक सुरू झालं असेल तर पित्त समजून घरी थांबू नका. हा लहान मेंदूतला पक्षाघात असू शकतो. 108 ला फोन करा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये असा पक्षाघात बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल, पण माणूस आधाराशिवाय बसूही शकत नाही, असं असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पुढच्या दिवसांत त्याला गुंगी येऊ लागली तर लगेच सांगा. सुजेमुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडलेली असू शकते.

त्रास हळूहळू वाढला असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. फिट्सवरची फेनिटॉइन किंवा मानसिक आजारावरची लिथियम रक्तात जास्त झाली तरी माणूस झोकांड्या खातो. दारू किती आणि किती वर्षं, हे खरं सांगा. तीन पिढ्यांत कुणाची चाल अशीच होती का, तेही आठवा. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की किंवा अंधारातच तोल जात असेल, तर दोष लहान मेंदूपेक्षा पायांकडून येणाऱ्या खबरेत असण्याची शक्यता जास्त. शाकाहारी घरात अशा वेळी बी12 तपासायलाच हवं. वेळेत सापडलं तर सुधारणा होते.

महिन्यातून एकदा, त्याच जागी मोबाइलवर व्हिडिओ काढा. फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत दहा पावलं (बाजूला एकजण हवाच), तुमच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला आळीपाळीने बोट लावणं, मांडीवर तळहात भराभर उलटसुलट करणं. दोन्ही हात वेगवेगळे तपासा. लहान मेंदूचा डावा भाग बिघडला तर डावाच हात चुकतो. मधला भाग बिघडला तर हात बरे राहतात, पण बसणं-चालणं डगमगतं.

घरात सगळ्यात धोक्याची जागा बाथरूम. टॉवेलचा रॉड आधार म्हणून कधीच धरू देऊ नका, वजन पडलं की तो स्क्रूसकट निघतो. मुठीत नीट बसेल असा 32 ते 38 मिलिमीटर जाडीचा स्टीलचा दांडा, जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर, टाइलमागच्या पक्क्या भिंतीत अँकर बोल्टने बसवा. आंघोळीला हलकं प्लॅस्टिकचं स्टूल नको, पायांना रबरी बूच असलेली जड खुर्ची घ्या. जुन्या वाड्यातल्या अरुंद जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लागतो. पुण्यातल्या पीएमपीसारख्या शहर बसमध्ये बस पूर्ण थांबल्यावरच सीटवरून उठायचं, मागच्यांनी कितीही घाई केली तरी.

पडणं बहुधा वळताना होतं. जागच्या जागी गर्रकन न फिरता, मोठा वळसा घेत छोटी पावलं टाकायची. उचलून ठेवायच्या वॉकरपेक्षा ब्रेकवाला, चाकांचा वॉकर बरा, कारण उचलण्याच्या त्या क्षणी आधारच सुटतो.

जेवताना दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा. खांदा आणि कोपर स्थिर झाले की मनगटाची चूक छोटी राहते. ताट काठाचं, खाली ओला नॅपकिन, पेला अर्धाच भरलेला. पाणी पिताना ठसका लागत असेल तर घरगुती उपाय न करता स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो.

व्यायाम तोलाचाच हवा आणि फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला. आठवड्यातून तीनदा, तासभर, असं चार आठवडे केल्यावर पेशी झिजत जाण्याच्या आजारातही चाल सुधारल्याचं दिसलं आहे. घरी पलंगाच्या कडेला हात न टेकता बसणं, मग ओट्याला धरून उभं राहणं, मग एक हात सोडणं, असा क्रम ठेवा. प्रत्येक हालचाल सावकाश, मोजत. थकवा आला की चुका वाढतात, तेव्हा तिथेच थांबा. सरावात खंड पडला की कमावलेलं हळूहळू ओसरतं, म्हणून बरं वाटलं तरी वेळापत्रक मोडू नका.